एमआरआयमध्ये उजवीकडे, व्हिडिओ ईईजीत डावीकडे: कशावर विश्वास ठेवायचा?

सुवर्णा_इचलकरंजी

नमस्कार. आमच्या मिस्टरांच्या रिपोर्टबद्दल विचारायचंय. वय ३६, पॉवरलूमवर जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. दीड वर्षाचे असताना तापात मोठी फिट आली होती, अर्धा तास थांबेना, असं सासूबाई सांगतात. नंतर काही नव्हतं. बारावीच्या वर्षापासून हे सुरू झालं.

आधी ते हात पोटावर ठेवतात. पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणतात, गळ्यापर्यंत. मग नजर थिजते. हाक मारली तर ओ देत नाहीत. पान चघळल्यासारखं तोंड हलतं, शर्टाचं बटण चाचपत राहतात. दीड-दोन मिनिटांत संपतं, मग थोडा वेळ गोंधळलेले असतात. पडत नाहीत, झटके येत नाहीत, म्हणून पहिली चार-पाच वर्षं आम्ही ह्याला फिट धरलंच नाही, ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या होत्या. आता तीन गोळ्या चालू आहेत तरी महिन्याला चार-पाच वेळा येतंच. मागच्या वर्षी चालू मागाशेजारी आली. धोट्यापाशी हात गेला होता, शेजारच्याने ओढलं म्हणून वाचले. तेव्हापासून मालकांनी कापडाच्या घड्या घालायच्या कामावर बसवलंय. पगार निम्मा झाला, पण ते मला चालतं. मागापाशी नको.

डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचा विचार करू. एमआरआय केला, त्यात उजवा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी साठवणारा भाग) आकसलेला आहे, त्याला उजव्या बाजूचा मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणतात. मग गोळ्या कमी करून चार दिवस व्हिडिओ ईईजी, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूतल्या विजेचं रेकॉर्डिंग आणि सोबत कॅमेरा. तीन फिट आल्या. रिपोर्टमधलं जसं आहे तसं लिहिते: पहिल्या फिटमध्ये सुरुवातीला बदल नाही, २६ सेकंदांनंतर डाव्या टेम्पोरल भागात (कानाच्या बाजूचा मेंदू) ५ ते ६ हर्ट्झचा थीटा (सेकंदाला ५-६ वेळा येणारी लाट). दुसऱ्या फिटमध्ये २२ सेकंदांनंतर उजव्या टेम्पोरल भागात ६ हर्ट्झचा थीटा. तिसरीत बाजू ठरवता येत नाही. फिट नसतानाच्या टोकदार लाटा उजवीकडे ८० टक्के, डावीकडे २० टक्के.

आता म्हणतात बाजू नक्की होत नाही, अजून तपासण्या लागतील, कदाचित मेंदूत तारा घालून बघावं लागेल. ईईजी चुकली का? की एमआरआय चुकला? चार दिवस त्यांच्या डोक्याला ते सगळं चिकटवलेलं, गोळ्या कमी करून मुद्दाम फिट आणल्या, आणि शेवटी नक्की नाही म्हणाले. रात्री झोप लागत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.


रेघा_पुणे

ताई, मी डॉक्टर नाही. पुण्यात ईईजी टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं व्हिडिओ ईईजीच्या खोलीत, बरीचशी रात्रपाळीला. ऑपरेशन करावं का, हे सांगणं माझ्या अधिकारात नाही. पण त्या रेघा कशा उमटतात आणि त्यांत काय दिसत नाही हे रोज बघते, तेवढं सांगते.

तुमचे चार दिवस वाया गेलेले नाहीत, आणि कुठली तपासणी चुकली असंही या रिपोर्टवरून वाटत नाही. एमआरआय सांगतो इजा कुठे आहे. डोक्यावरची ईईजी सांगते फिटची लाट मेंदूच्या पृष्ठभागावर कुठे वर आली. या दोन जागा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. कधीकधी नसतात.

तुमचे मिस्टर जॉबर आहेत म्हणून मागाचंच उदाहरण देते. माझं माहेर विट्याचं, लहानपणी मागांच्या खडखडाटातच झोपलेय. शेडचं दार बंद, आत चोवीस माग. एका मागाचा ठोका बिघडला तर त्याच्याशेजारी उभ्या जॉबरला तो लगेच कळतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही कळत. रस्त्यावर ऐकू यायला सात-आठ माग त्याच बिघडलेल्या ठोक्यात एकदम पडावे लागतील.

आम्ही त्या रस्त्यावर उभे असतो. हिप्पोकॅम्पस टेम्पोरल लोबच्या आतल्या अंगाला, पार तळाशी असतो, आणि स्वतःवर गुंडाळलेला असतो. त्या गुंडाळीमुळे त्याची वीज बरीचशी आपल्या आपल्यातच जिरते. वर हाड, हाडावर कातडी. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला काही पकडता यायचं तर मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण दहा चौरस सेंटिमीटर भाग, म्हणजे काड्यापेटीच्या निम्म्याहून मोठा तुकडा, एका तालात चालावा लागतो. म्हणून मिस्टर पोटावर हात ठेवतात ना, तेव्हा फिट सुरू झालेली असते, पण रेघांवर बहुतेक वेळा काहीच नसतं. रिपोर्टमधलं ‘सुरुवातीला बदल नाही’ त्याचंच आहे. पहिले पंचवीस सेकंद फिट आत चाललेली होती.

एक रात्र सांगते. पेशंट कोण, कुठला, हे सोडून देते. पहाटे तीन-चाळीसला फिट आल्याचं कळवायचं बटण वाजलं. मी पलंगाजवळ गेले, पांघरूण काढलं, विचारलं, ‘नाव काय तुमचं?’ उत्तर नाही. पेन दाखवलं, ‘हे काय?’ बघतात, पण ओळख नाही. ‘पिवळी छत्री’ हे दोन शब्द लक्षात ठेवा म्हणून सांगितलं. नंतर रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. बटण वाजल्यापासून अकरा सेकंद रेघा उलट शांत. रात्रभर उजवीकडे येत होत्या त्या टोकदार लाटाही थांबलेल्या. मग चघळणं सुरू झालं आणि जबड्याच्या स्नायूंनी दोन्ही बाजूंच्या रेघा काळ्या, केसाळ करून टाकल्या. त्या काळ्या पट्ट्याच्या खालून विसाव्या सेकंदाला एक एकसारखी लाट डोकं वर काढू लागली. एफ-८ आणि टी-४ या इलेक्ट्रोडच्या आसपास, सेकंदाला सहा. (सम आकडे उजवीकडचे, विषम डावीकडचे.) ज्या इलेक्ट्रोडवर जोर सर्वांत जास्त असतो तिथे शेजारशेजारच्या दोन रेघा एकमेकींकडे तोंड करून उठतात, आम्ही त्याला फेज रिव्हर्सल म्हणतो. लाट मोठी होत गेली, मागे टी-६ पर्यंत पसरली, मग मंद झाली, चार, तीन, आणि थांबली. दहा मिनिटांनी त्यांना शब्द विचारले. ‘कुठले शब्द?’

ही लाट सापडणं सोपं नसतं. स्नायूंची काळी केसं नकोत म्हणून काही जण वेगवान लाटा कापणारा फिल्टर पंधरा हर्ट्झवर आणतात. मला ते पटत नाही. स्नायूची टोकं कापली गेली की उरलेलं अगदी मेंदूच्या लाटेसारखं दिसतं आणि नसलेला ताल दिसायला लागतो. मी आधी सत्तरावर बघते, मगच खाली आणते.

आता डावीकडचं. एखादा हिप्पोकॅम्पस फारच आकसलेला असेल तर शेजारच्या पृष्ठभागाला आपल्या तालात ओढायला त्याच्यात ताकद उरत नाही. फिट तिथेच सुरू होते, आतल्या आत धुमसते आणि पलीकडच्या बाजूला पोचते. पलीकडचा टेम्पोरल लोब धडधाकट असतो, तो जोरात ताल धरतो. रस्त्यावर ऐकू येतो तो पलीकडच्या शेडचा आवाज. असं होतं, मी पाहिलंय. पण दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या फिट सुरू होणारे पेशंटही असतात, तेही पाहिलेत. तुमच्या डॉक्टरांना या दोन्हींतलं कुठलं हे ठरवायचंय, म्हणून ते थांबलेत. घाई केली नाही हे मला बरं वाटतं.

तुम्ही दोन गोष्टी विचारा. फिट संपल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत कुठली बाजू जास्त मंद राहिली? थकलेली बाजू उशिरा जागी होते, आणि रिपोर्टच्या चार ओळींत हे बरेचदा येत नाही. दुसरं, टी-१ आणि टी-२ किंवा तसले खालच्या बाजूचे जादा इलेक्ट्रोड लावले होते का? कानाच्या भोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ धरायची, कानाकडून एक तृतीयांशावर यायचं आणि तिथून एक सेंटिमीटर वर. टेप घेऊन मोजूनच लावावा लागतो. टेम्पोरल लोबचं पुढचं टोक नेहमीच्या मांडणीत नीट पकडलं जात नाही.

आणि आता मला तुम्हाला विचारायचंय. घरी फिट येते तेव्हा त्यांचे दोन्ही हात काय करतात? बटण चाचपतो तो कुठला, आणि दुसरा काय करत असतो? फिटमध्ये काही बोलतात का? संपता संपता नाक पुसतात का, आणि कुठल्या हाताने? त्या वेळी कुणी नाकाला कांदा लावत असेल तर तेही सांगा, कारण मग नाक पुसण्याचा काही अर्थ लावता येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर आठवणीवर जाऊ नका, तो लावून बघा.


न्यूरो_निवासी

मी न्यूरॉलॉजीत डीएम करतोय, तिसरं वर्ष. वर मॅडमनी लिहिलंय त्याला थोडी जोड देतो.

टेम्पोरल फिट डोक्यावरच्या ईईजीत कुठल्या नमुन्यांत दिसते, यावरची दोन जुनी कामं आम्हाला अजून शिकवतात. रिसिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की फिट सुरू झाल्यापासून ३० सेकंदांच्या आत एका टेम्पोरल बाजूला सेकंदाला ५ किंवा जास्त वेगाची एकसारखी लाट आली, तर बाजूचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. एबरसोल आणि पॅशिया यांनी १९९६ मध्ये नमुन्यांचे प्रकार पाडले. टेम्पोरलच्या खालच्या भागातला ५ ते ९ हर्ट्झचा नियमित ताल हा हिप्पोकॅम्पसच्या फिटचा. २ ते ५ हर्ट्झचा, अनियमित, जास्त पसरलेला ताल बाहेरच्या टेम्पोरल कॉर्टेक्सकडे बोट दाखवतो. तिसऱ्यात बाजूच कळत नाही. तुमच्या मिस्टरांच्या तीन फिटमध्ये तिसरा प्रकारही आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. मिंट्झर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असेच पेशंट नोंदवले: एका बाजूला हिप्पोकॅम्पसचा स्क्लेरोसिस, आणि डोक्यावरची फिट विरुद्ध बाजूच्या टेम्पोरल भागात. मॅडम म्हणतात तो पलीकडच्या शेडचा आवाज हाच.

डॉक्टर बाजूसाठी एवढे का अडून बसतात, तेही सांगतो. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग फिटसाठी काढला. फिट खूप कमी झाल्या, पण २००८ मध्ये जाईपर्यंत त्याला नवी आठवण साठवता आली नाही. एक बाजू काढायची तर दुसरी काम करते आहे याची खात्री लागते, आणि काढतोय तीच दोषी आहे याचीही.

८०-२० मुळे ऑपरेशनचा मार्ग बंद होत नाही. पीईटी स्कॅनबद्दल विचारा. फिट नसताना रोगट टेम्पोरल लोब साखर कमी वापरतो, ते त्यात दिसतं. मेंदूत तारा घालणं ही त्यापुढची पायरी, सगळ्यांना लागत नाही.

आणि हे वाट बघण्यासारखं आहे. २००१ मध्ये वीबी आणि सहकाऱ्यांनी कॅनडात ८० पेशंट घेऊन केलेल्या चाचणीत ऑपरेशनच्या गटातले ५८ टक्के वर्षाअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे होते, गोळ्यांच्या गटातले ८ टक्के. तुमचे मिस्टर तीन गोळ्यांवर आहेत. अर्ध्यावर सोडू नका, तपासण्या पूर्ण करा.


प्राची_ठाणे

मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी सोळा वर्षांची. शाळेत उन्हात प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली, अर्ध्या मिनिटात उठली. साधी ईईजी केली, त्यात ‘डाव्या टेम्पोरल भागात शार्प लाटा, पेंगेत’ असं आलं आणि गोळी सुरू झाली. वरचं वाचून भीती वाटली. तिलाही हेच आहे का?


रेघा_पुणे

प्राचीताई, तुमच्या मुलीचं रेकॉर्डिंग मी पाहिलेलं नाही. पण एवढं सांगते की पेंगेत टेम्पोरल भागात टोकदार दिसणाऱ्या सगळ्याच लाटा फिटच्या नसतात. तरुण मुलांत पेंग आली की टेम्पोरल भागात सेकंदाला पाच-सहाचा, मधोमध खाच असलेला ताल काही सेकंद चालतो. तो तसाच सुरू होतो, तसाच थांबतो, वाढत नाही, मंद होत नाही, आणि तेवढ्यात मुलीला हाक मारली तर ती ओ देते. फार पूर्वी त्याचं नाव ‘सायकोमोटर व्हेरिएंट’ होतं, त्या नावाने पुष्कळ गोंधळ झाला. फिटची लाट तशी एका जागी बसून राहत नाही, ती जागा आणि वेग बदलत जाते. मोठ्या माणसांत विकेट नावाच्या लाटा असतात, क्रिकेटच्या स्टंपांसारख्या ओळीने उभ्या. त्यांच्यामुळेही वर्षानुवर्षं गोळ्या खाल्लेली माणसं मला भेटलीत, फार वाईट वाटतं.

रिपोर्टचा कागद पुरे होत नाही. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ रेकॉर्डिंग मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. पडली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला सोबत न्या, तिने जे पाहिलं ते ईईजीत नाही. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.


सुवर्णा_इचलकरंजी

रेघाताई, तुमचं वाचलं आणि थोरल्या मुलाच्या मोबाइलमध्ये दोन व्हिडिओ होते ते काढले. एक दिवाळीतला, एक गेल्या महिन्यातला. मुलं झोपल्यावर आवाज बंद करून सात-आठ वेळा पाहिले. पंधरा वर्षं संसार करतेय, हे कधी दिसलं नव्हतं.

बटण चाचपतात तो उजवा हात. डावा हात मांडीवर असतो. मला वाटायचं तो हात नुसता पडलाय. नीट बघितलं तर पडलेला नाही. मनगट आत वळतं, बोटं एकावर एक चढल्यासारखी होतात, आणि तो हात तसाच आखडून राहतो. दोन्ही व्हिडिओत सारखंच.

संपता संपता उजव्या हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसतात. दोन्हीत. सासूबाई आधी कांदा लावायच्या, पण दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितल्यापासून बंद केलंय. व्हिडिओत कांदा नाही.

बोलतात. दिवाळीच्या व्हिडिओत फिट चालू असताना स्पष्ट म्हणतात, ‘लाइट गेली काय गं?’ लाइट होती. नंतर आठवत नाही त्यांना.

आणि एक गोष्ट मनाला टोचतेय. हॉस्पिटलमध्ये ती पहिली फिट आली, जिच्यात डावीकडे म्हणतात, तेव्हा मी खोलीत होते. एसीची थंडी वाजत होती म्हणून थोड्या वेळापूर्वी मीच त्यांच्या अंगावर रग ओढला होता. हात रगाखाली होते. सिस्टर आल्या, पण रग तसाच राहिला. माझ्यामुळे दिसलं नाही का?


रेघा_पुणे

सुवर्णाताई, रग तुम्ही घातला म्हणून काही बिघडलं नाही. थंडी वाजणाऱ्या माणसाला पांघरूण घालायचं नाही तर काय करायचं? काढायचं काम आमचं असतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते: बटण वाजलं की आधी पांघरूण, मग नाव विचारा.

तुम्ही सात-आठ वेळा पाहिलंत, फार मोलाचं काम केलंत. टेम्पोरल फिटमध्ये एक हात असा वळून आखडतो त्याला डिस्टोनिक पोश्चर म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा फिटच्या विरुद्ध बाजूचा असतो. डावा हात आखडला, तर फिट उजव्या मेंदूकडे बोट दाखवते. दुसरा हात मोकळा असतो म्हणून तो बटण चाचपतो. नाक बहुधा फिटच्या त्याच बाजूच्या हाताने पुसलं जातं, कारण पलीकडचा हात अजून जड असतो. आणि बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते, त्यामुळे फिटमध्ये कुणी अख्खं वाक्य स्पष्ट बोललं तर डावी बाजू त्या वेळी फिटमध्ये अडकलेली नसण्याची शक्यता जास्त. तुम्ही लिहिलेलं सगळं उजवीकडे जातंय. यातली एकेक खूण चुकू शकते, म्हणून डॉक्टर कुठल्याच एकीवर जात नाहीत. पण एमआरआय उजवीकडे, ८० टक्के लाटा उजवीकडे, दुसरी फिट उजवीकडे, आणि हात, नाक, बोलणं हेही तिकडेच, तेव्हा डावीकडची ती एक फिट त्यांना वेगळ्या नजरेने बघावीशी वाटेल.

दोन्ही व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून न्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, बोटं पुसट होतात. आणि एक विनंती करा: पहिल्या फिटची सुरुवात, रग असला तरी, पुन्हा एकदा हळू लावून बघा म्हणा. रगाखालीसुद्धा हात वळतो तेव्हा खांदा आणि कोपर हलतात.


साखरतरचा

वहिनी, मी रत्नागिरीजवळचा. मला हेच होतं, उजवी बाजू, पोटातून वर चढणं सुद्धा तेच. तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेत २०१४ मध्ये ऑपरेशन झालं. नेत्रावती एक्स्प्रेसने मी आणि आई गेलो होतो. तिथे सहा दिवस ईईजीवर ठेवलं, पाच फिट आल्या. पहिल्या दोन फिटमध्ये रेघांत काही नव्हतं, आई रडायला लागली की एवढ्या लांब येऊन फुकट. उरलेल्या तीन उजवीकडे आल्या.

ऑपरेशननंतर आजतागायत शुद्ध गेलेली नाही. पोटातलं ते वर चढणं वर्षातून एखाद-दोनदा येतं आणि तिथेच विरतं. तीन गोळ्यांवरून एकीवर आलोय. एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती असं नाही, सांगितली होती, पण माझ्या डोक्यात शिरली नव्हती: डावीकडे वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसत नाही. होडीवर असताना डाव्या बाजूने डोलकाठीकडे बघायचं तर मान वळवावी लागते. सवय झाली. डॉक्टरांना हेही विचारून ठेवा, म्हणजे भाऊंना नंतर धक्का बसणार नाही.

डोक्याचा तो गोंद निघायला खोबरेल तेल रात्रभर लावून ठेवा. शाम्पूने निघत नाही.


सुवर्णा_इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. गुरुवारी गेलो होतो.

पेनड्राइव्ह दिला. डॉक्टरांनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, मग स्वतःहून पहिल्या फिटचं रेकॉर्डिंग लावलं. रग होताच. पण रगाच्या कडेला डावा कोपर बाहेर होता. तो बाहेरच्या बाजूला वळत गेलेला दिसला, डाव्या लाटेच्या बऱ्याच आधी. त्यांनी तिथे थांबवून वेळ लिहून घेतली. फिट संपल्यानंतरचं बघितलं, तिन्हींत. दोनमध्ये उजवीकडे जास्त वेळ मंद राहिलं होतं, पहिल्या फिटमध्येसुद्धा. तिसरीत ते उठून बसले होते, रेघा खराब होत्या, कळत नव्हतं. जादा इलेक्ट्रोड लावले होते म्हणाले.

अजून नक्की म्हणत नाहीत. पीईटी करायचा, मग सगळे डॉक्टर एकत्र बसून बघणार. तारा घालायच्या का ते त्यानंतर. पण बोलण्याचा सूर वेगळा होता. वरच्या कोपऱ्यातलं दिसण्याबद्दलही विचारलं, त्यांनी चित्र काढून समजावलं.

मिस्टरांनी स्वतःची फिट पहिल्यांदाच पाहिली. मी दाखवणार नव्हते, स्क्रीन त्यांच्याच बाजूला होती. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘हा हात माझा आहे?’ परत येताना बसमध्ये डावी मूठ उघडझाप करून बघत होते.

पीईटी सोळा तारखेला आहे, सकाळी उपाशी यायला सांगितलंय. झाला की इथे लिहीन.